दमलेला घोडा

अबुधाबीत माझ्या मुलीला घोडेस्वारी शिकवणारा माणूस वेल्सचा होता. अठरा वर्षं तो अडथळ्यांच्या शर्यतीत जॉकी होता. घोड्यांशी मऊ बोलायचा, आम्हा आईबापांशी तुसडेपणाने.

एकदा घोडा उडी घेईना. मी कुंपणाबाहेरून ओरडलो, "बेटा, यूज द व्हिप!"

त्याने तिच्या हातातली छडी हिसकावली आणि तरातरा माझ्यापाशी आला.

"माझ्या शेवटच्या शर्यतीत घोडा दमला होता. मला कळत होतं, तरी मारलं. त्याने माझं ऐकलं, उडी घेतली आणि मान मोडून मेला. लोक विचारत होते, जॉकी ठीक आहे ना?"

माझं डोकं भडकलं. तो खरं बोलत होता म्हणून जास्तच.

"चल गं, खलास! घरी चल."

"नो, बाबा," मुलगी म्हणाली आणि खाली उतरून घोड्याला पाण्यावर घेऊन गेली.