बूड उचला!

नाशिकजवळचे किल्ले उतरताना मी एक विद्या पक्की केली होती: सुट्या मुरमाचा घसारा आला की खाली बसायचं आणि बूड घासत उतरायचं. त्यात तीन पँटी गेल्या, पण पाय कधी मोडला नाही. त्याच भरवशावर मी पन्नाशीत मनालीच्या वर, पायाला स्नोबोर्ड बांधून बर्फाच्या एका उभ्या उतारावर येऊन ठेपलो होतो.

बायकोने आधीच बजावलं होतं, "न पडता तीन वळणं घेतलीत तर पुढच्या वर्षी परत इथे. नाहीतर सुट्टीत माझ्या बहिणीकडे, सिन्नरला."

शिकवणारा ओरडत होता, "साहब, वजन आगे! आगेवाले पैर पे!" उताराच्या दिशेने झुकायचं? हा माणूस मला मारायलाच निघाला होता. मी सवयीने मागे रेललो. मागे रेललं की बोर्ड वळायचं नाव घेत नाही, नुसता सुसाट सुटतो. मी पडलो, उठलो, पुन्हा रेललो आणि पुन्हा पडलो.

खालून बायको किंचाळली, "अहो, बूड उचला! हा घसारा नाहीये!"

तिला चांगलं सुनावावं म्हणून मी रागाने पुढे वाकलो, आणि बोर्ड चक्क वळला! मग दुसरं वळण, मग तिसरं, आणि थेट तिच्या पायाशी लोटांगण.

"तिसऱ्यानंतर पडलोय," मी तोंडातला बर्फ थुंकत म्हणालो.

ती हसून हसून बर्फातच बसली. "बरं बाई, पुढच्या वर्षी इथेच. पण आधी पँट नवी घ्या."

मी मागे हात लावून पाहिला. चौथीही गेली होती.