उभ्यानं चालवलेला कीबोर्ड

"त्या खुर्चीला टेकू नगंस. उभ्यानं कर."

हेडक्लार्क दारातून ओरडला. तो चहाला निघाला होता. खुर्ची रिकामी, पाठीवर पांढरा टॉवेल. मी नुसता हात टेकवला होता. ऑफिसातल्या एकानं भर घातली, "मेंढरामागं उभं ऱ्हायची सवय हाय की त्यास्नी. बसून पाय दुखतील बाईचं."

सगळे हसले. मी वाकले आणि काम सुरू केलं.

माझं माहेर कवठे महांकाळकडचं, मेंढपाळाचं. नोकरी उंब्रजला, ऊसवाल्यांच्या शिक्षणसंस्थेत. सगळ्या शाळांच्या फायली एकाच कॉम्प्युटरवर, आणि तो हेडक्लार्कच्या टेबलावर. फायली लावणारी मी, खुर्ची त्याची. माउस त्याच्या उजव्या हाताशी. तिकडे हात गेला की खेकसायचा, "अंगावर येतीस व्हय गं?"

म्हणून मी माउस सोडला. कॉम्प्युटरवर नुसत्या कीबोर्डनं फायली हलवायचा एक निळा पडदा होता, तो नीट शिकून घेतला. वर दोन याद्या, खाली कमांड टाइप करायची एक ओळ. ऑल्ट धरून एंटर मारलं की निवडलेल्या फाइलचं नाव त्या ओळीत आपोआप उतरतं. ऑल्ट आणि पी, की मागची कमांड परत हजर. कंट्रोल आणि ओ, की याद्या हटतात आणि मागच्या काळ्या पडद्यावर काय झालं ते दिसतं. कीबोर्ड टेबलाच्या कडेला ओढून उभ्यानं वाकूनही जमायचं. तासाचं काम मिनिटांवर आलं. कंबर वाचली. मला वाटलं, आता किंमत येईल.

एकदा धीर करून मी खुर्ची मागितली. तो म्हणाला, "तुजं तर चुटकीसरशी हुतंय. तुला कशाला लागतीया खुर्ची?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी जितकी पटाईत होत होते, तितकं मला उभं ठेवणं त्याला सोपं जात होतं. शिकलेला प्रत्येक शॉर्टकट शेवटी त्याच्याच सोयीचा ठरला होता. राग त्याचा आलाच. स्वतःचा जास्त आला.

मग त्याची पुतणी कामाला लागली. तो स्वतः उठला. टॉवेल सरळ केला. "बस, पोरी." नंतर माझ्याकडे वळला. "हिला सगळं दाव. तू उभ्यानं सांग."

पुतणीनं निळा पडदा उघडला, बोटं कीबोर्डवर ठेवली. "सांगा की, मावशी."

मी टेबलापासून दोन पावलं मागं सरले.

"आगं सांग की! जीभ गेली व्हय?"

"मला खुर्ची आणा. मग सांगती."

"लय शानी झालीस? नोकरी करायची न्हाई काय?"

"करायची हाय. बसून."

पुतणी अर्धवट उठली. त्यानं तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं. कुणी खुर्ची आणली नाही. मी बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. ऑफिस सुटेपर्यंत तिथून हलले नाही.

माझी बदली झाली. संस्थेच्याच लांबच्या लोणंदच्या शाळेत, रोज एसटीनं. शिक्षाच ती.

उंब्रजहून अजून त्या पुतणीचा फोन येतो. "आवं मावशी, फायली अडकल्यात. तेवढं सांगा की." पोरीशी माझं वैर नाही. पण फोन मी ठेवून देते. ज्या टेबलाशी मला माणसासारखं बसू दिलं नाही, त्या टेबलाला माझ्या डोक्यातलं काही मिळणार नाही. एक शॉर्टकटसुद्धा नाही.