जयरामभाऊंचा उघडा कंस

यशोदाबाई पगारे पहिल्या दिवशी कामावर आल्या तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढल्या आणि नेमक्या त्या कोपऱ्यात ठेवल्या, जिथं त्यांचे यजमान ठेवायचे. त्यांना कोणी जागा दाखवली नव्हती. खोलीत धूळ जाऊ नये म्हणून सगळ्यांनाच अनवाणी जावं लागे, साहेबांनासुद्धा. पण तो कोपरा जयरामभाऊ गेल्यापासून आम्ही मोकळाच ठेवला होता. मी तोंड फिरवून टाइपरायटरमध्ये कागद घालायला लागले.

ही शहाऐंशी सालची गोष्ट. आमची कचेरी शरणपूर रोडला एका भाड्याच्या बंगल्यात होती. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत खतांचे, छाटणीचे प्रयोग चालायचे आणि त्यांचे आकडे आमच्याकडे यायचे. मी सुला बोरस्ते, तिथली टायपिस्ट. जयराम पगारे सांख्यिकी सहायक. कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे त्याला लांबून नमस्कार करत होते, जयरामभाऊ मात्र त्याच्याशी बोलायला लागले. बोलता बोलता त्यांनी या आकड्यांची गणितं करणारं एक पॅकेज, म्हणजे प्रोग्रामांचा संच, स्वतः तयार केलं. कुठल्या कामाला कुठली आज्ञा द्यायची, ते समजावणारं इंग्रजी पुस्तकही ते मशीनवरच लिहीत होते. पुस्तक बरंचसं झालं आणि फेब्रुवारीत, सकाळी गंजमाळहून सायकलवर कामाला येताना, जुन्या आग्रा रोडवर द्राक्षांच्या क्रेटांनी भरलेल्या टेम्पोनं त्यांना उडवलं.

यशोदाबाई मॅट्रिक होत्या. अनुकंपेच्या नोकरीची ऑर्डर निघता निघता दिवाळी आली आणि जयरामभाऊंच्याच खुर्चीवर त्यांना बसवण्यात आलं. चांदवडकर साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी यशोदाबाईंना समोर बसवून स्पष्ट सांगितलं, "बाई, जानेवारीत तालुक्यातालुक्याची माणसं इथं शिकायला येणार आहेत. तोवर पुस्तक छापून निघालं तर मशीन नाशकात राहील आणि तुमची खुर्चीही राहील. नाही निघालं तर मशीन पुण्याला जाईल आणि तुम्हाला सुरगाण्याला जावं लागेल. माझ्या हातात नाही."

घरी दोन मुलं शाळेत जाणारी आणि सासू भिमाबाई गुडघ्यांनी अधू. सुरगाण्याला जायचं म्हणजे घर मोडायचं. दुसरी कोणी असती तर पदर डोळ्याला लावला असता. यशोदाबाई म्हणाल्या, "बरं."

मला त्यांच्या या 'बरं'चा राग यायचा. डबा खायला बसलो तरी त्या घास असे गिळायच्या, जणू तेही साहेबांनी सांगितलेलं काम आहे. सांत्वनाला येणाऱ्या बायकांचा तर मला त्याहून जास्त राग यायचा. त्या येऊन हमसून हमसून रडायच्या आणि यशोदाबाईच त्यांना पाणी द्यायच्या. जलदान विधीच्या दिवशीही त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. गंजमाळच्या बायका त्यावरून कुजबुजल्या होत्या. 'दगड आहे' म्हणाल्या. मला तसं वाटलं नाही. हात-पाय हलत होते, पण आत दिवाच लागत नव्हता.

पुस्तक अडलं होतं ते असं. मशीनला मथळा कुठला, मजकूर कुठला, उदाहरण कुठलं, हे कळायला प्रत्येक भागाच्या आधी एक कंस उघडायचा आणि भाग संपला की तो बंद करायचा. मग एक वेगळा प्रोग्राम सगळं पुस्तक पहिल्यापासून वाचत जाई आणि कंस सगळे जुळले तरच प्रिंटर चालू होई. आमचा होत नव्हता. पडद्यावर चूक यायची आणि ती नेहमी पुस्तकाच्या अगदी शेवटच्या ओळीवर दाखवली जायची.

आता शेवटची प्रकरणं जयरामभाऊंच्या कच्च्या कागदांवरून टाइप केली होती मी. म्हणजे चूक आली माझ्या माथी! साहेबांनी फर्मान काढलं की पगाऱ्यांच्या मजकुराला हात लावायचा नाही, गेलेल्या माणसाचं काम आहे, शेवटचंच तपासा. पुण्याला फोन केला तर तेही म्हणाले, शेवटी बघा. मी ती पानं पुन्हा टाइप केली. चूक तिथंच. यशोदाबाई एका बोटानं उघडा कंस धरायच्या, दुसऱ्यानं बंद कंस शोधायच्या, भांड्याला त्याचं झाकण लावून बघावं तशा. शेवटच्या पानांत सगळी झाकणं जागेवर होती. मी चिडून म्हणायची, "हे मशीनच खोटारडं आहे." त्या म्हणायच्या, "असेल."

डिसेंबर लागला. सुरगाण्याची ऑर्डर टाइप करायला साहेबांनी माझ्याकडेच दिली. नुसती तारीख घालायची बाकी होती. ती टाइप करताना मला इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्या रविवारी मी पेरू घेऊन त्यांच्या घरी गेले.

भिमाबाई खाटेवर होत्या. म्हणाल्या, "आली का सुलाबाई? बस. ही काय बोलत नाय कोणाशी. तूच बोल."

यशोदाबाई मुलांचे कपडे पिळत होत्या, म्हणून चहा मीच ठेवला. चुलीशेजारी फळीवर चहाचा डबा उघडा होता, आत काहीच नव्हतं. चहापत्ती पुडीत, डब्याला टेकून. मला असला पसारा बघवत नाही. मी पुडी डब्यात ओतायला घेतली.

"राहू द्या ते!" यशोदाबाई ओरडल्या. इतक्या महिन्यांत त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मी पुडी खाली ठेवली. भिमाबाई म्हणाल्या, "तिचं ते आसंच हाय. माझ्या जयरामची खोड. जे संपलं त्याचं झाकण सकाळी काढून ठेवायचा. संध्याकाळी आणून भरायचा, मग लावायचा. आम्ही लय बोलायचो त्याला, मुंग्या येतील म्हणून. त्या दिवशी चहा संपला व्हता."

त्यानंतर घरात चहा पुडीतूनच येत होता. डबा फेब्रुवारीपासून उघडा होता. आम्ही तिघींनी त्या पुडीतलाच चहा घेतला.

सोमवारी यशोदाबाई मशीनपुढे बसल्या. मग त्यांनी मला विचारलं, "सुलाबाई, काम अर्धवट असताना हे घरी निघायचे, तेव्हा इथं काय करायचे?"

काय करायचे? दिवा मालवायचे, चपला घालायचे. मी तसं सांगायला तोंड उघडलं आणि मला सकाळचं आठवलं. रोज सकाळी आल्या आल्या ते मशीन चालू करायचे, पडद्यावर चूक यायची आणि ते हसायचे. "बघा, हाक मारतंय मला," म्हणायचे. आम्हाला वाटायचं, माणूस थट्टा करतोय.

ती थट्टा नव्हती. संध्याकाळी जिथं काम थांबायचं तिथला कंस ते मुद्दाम उघडा ठेवायचे, म्हणजे राहिलेलं काम विसरून पुस्तक कोणी छापणार नाही. आणि उघडा कंस पुस्तकात कुठंही असला तरी प्रोग्राम बिचारा त्याचा जोडीदार शोधत शेवटापर्यंत जाणार आणि तिथं बोंब मारणार. आम्ही महिनाभर बोंब ऐकून शेवटीच धावत होतो.

"ते शेवटच्या संध्याकाळी काय लिहीत होते?" यशोदाबाईंनी विचारलं.

ते मला पक्कं माहीत होतं. पिंपळगावचा नाथा आहेर आला होता. त्याच्या प्रयोगाच्या वाफ्यातले वेल मेले होते आणि आता आपला आकडा कसा धरणार म्हणून तो डोकं खात होता. जयरामभाऊ त्याला म्हणाले होते, "नाथाभाऊ, तुमच्याच वेलांचं लिहायला घेतो."

साहेबांना बोलावलं. हात लावू नका म्हणणारे साहेब स्वतः चपला काढून आत आले आणि आमच्यामागे उभे राहिले. मेलेल्या झाडांचं प्रकरण पुस्तकाच्या मध्यात होतं. तिथं कंस उघडा होता आणि त्यातलं वाक्य अर्धं. साहेबांनी इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं, "झाड मेलं असेल तर तिथं शून्य लिहू नये, कारण..." पुढं काही नव्हतं.

"कारण काय, साहेब?" यशोदाबाईंनी विचारलं.

साहेब गणित सांगावं तसं सांगायला लागले. "शून्य म्हणजे झाड उभं होतं, पण त्यानं काही दिलं नाही. मेलेल्या झाडाचं तसं नसतं. म्हणून ती जागा कोरी ठेवायची. पॅकेज मग शेजारच्या झाडांवरून तिथला अंदाज..." एवढं बोलून साहेब थांबले. चष्मा काढून पुसत राहिले.

"तुम्ही सांगा, मी घालते," यशोदाबाई म्हणाल्या. साहेबांनी एकेक अक्षर सांगितलं आणि त्यांनी एका बोटानं ते दाबलं. वाक्य पूर्ण झालं. कंसाच्या बटणावर त्यांचं बोट थांबलं. मी म्हटलं, "मी करू का?" त्यांनी मान हलवली, नको म्हणून, आणि बटण दाबलं.

प्रोग्राम सुरू केला. चूक आली नाही. थोड्या वेळानं प्रिंटर करकरायला लागला आणि दुपारभर करकरत राहिला. साहेबांनी सुरगाण्याचा कागद माझ्या टेबलावरून उचलून फाडला, शिपायाला पेढे आणायला धाडलं. पहिल्याच पानावर जयराम पगारे हे नाव आलं होतं. यशोदाबाईंनी ते पान बघितलं, पेढा खाल्ला आणि म्हणाल्या, "आता हे मशीन सकाळी त्यांना हाक मारणार नाही."

खुर्ची वाचली म्हणून मी आनंदात होते आणि त्या आनंदाचीच मला लाज वाटली.

संध्याकाळी निघताना त्या मला म्हणाल्या, "माझ्याबरोबर घरी येता का?" सीबीएस बसस्टँडजवळच्या दुकानात त्यांनी चहापत्ती घेतली. घरी आल्यावर त्यांनी फळीवरचा डबा खाली घेतला, पदरानं आतून पुसला आणि पत्ती भरली. झाकण हातात घेतलं आणि तशाच उभ्या राहिल्या. भिमाबाई खाटेवर उठून बसल्या.

मग यशोदाबाईंनी झाकण माझ्यापुढं धरलं. "सुलाबाई, तिथलं मी लावलं. हे तुम्ही लावा."

झाकणाचा काठ वाकला होता, ते सहज बसेना. मी डबा जमिनीवर ठेवून झाकण दोन्ही हातांनी दाबलं, तेव्हा ते बसलं. माझ्या पाठीमागं यशोदाबाई मोठ्यानं रडायला लागल्या.