भराव काढते, इन्शाल्ला!

पोटात सहावा महिना आणि पदरात बी.ए. इंग्लिशचा फर्स्ट क्लास, एवढ्या भांडवलावर मी एका कचेरीशी भांडायला निघाले होते. आज ती पोरगी समोर आली तर आधी तिला एक टपली मारीन, मग मायेने पेजवाटी देईन.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. अमिरातीत उत्तरेकडे, डोंगरातल्या एका खडीच्या खाणीवर आमची खाणावळ होती. जेवणारे बहुतेक कोकणातले, बायकामुलं गावी ठेवून आलेले. डिसेंबरात एका दुपारी असा पाऊस कोसळला की समोरची वादी, म्हणजे एरवी वर्षभर ठणठणीत कोरडी असणारी नदी, अंगात आल्यासारखी धावली आणि जाताना आमचा डांबरी रस्ता घेऊन गेली. मागे उरली माणूसभर खोल घळ. इस्पितळ त्या घळीपलीकडे, अर्ध्या तासावर. खडीचे ट्रक डोंगराला वळसा घालून जायचे, त्या वाटेने तीन तास. आणि माझी थोरली लेक कळा सुरू झाल्यापासून दोन तासांत जगात आली होती. हिशोब सोपा होता.

म्हणून मी रस्ता बांधून द्या असा अर्ज लिहिला. दोन पानी. त्यात ‘कॅलॅमिटी’ हा शब्द चार वेळा. घळ उतरून, चढून, पलीकडे टॅक्सी पकडून कचेरीत गेले. तिथे बायकांची रांग वेगळी, आणि रांगेत मी एकटी. साहेबांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि हसून म्हणाले, “बहेन, अरबी में.” बाहेरच्या टायपिंगवाल्याने माझी सगळी कॅलॅमिटी चार ओळींत बसवली.

मग सुरू झालं, “कल आओ, इन्शाल्ला.” रांग नसल्यामुळे माझा नंबर ताबडतोब लागायचा आणि ताबडतोब परत पाठवणीही व्हायची. संक्रांतीला मी शहाणी तिळगूळ घेऊन गेले. अर्थही समजावला: हे खायचं आणि गोड बोलायचं. साहेबांनी ते फारच मनावर घेतलं. पुढे महिनाभर चहा, खजूर, लेकीची चौकशी. ते इतकं गोड बोलत की रस्त्याचा विषय काढायला मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. फाइल जागची हलेना. पोट मात्र पुढे पुढे चाललेलं.

अखेर अडलंय कुठे ते कळलं. नियमाप्रमाणे दोन्ही काठांची पाहणी हवी. साहेब दोनदा आले, आपल्या बाजूच्या काठावर गाडी थांबवली आणि फाइलवर शेरा मारला: रस्ता तुटल्यामुळे पाहणी करता आली नाही.

“साहब, पैदल?” दुसऱ्या खेपेला मी घळ ओलांडून जाऊन विचारलं.

त्यांनी आपल्या पांढऱ्याशुभ्र, पायघोळ अरबी कंदुऱ्याकडे पाहिलं, मग घळीकडे. “मुश्किल है, बहेन.”

मी तीच घळ नवव्या महिन्यात उतरून आले होते. त्या दिवशी माझ्यातला फर्स्ट क्लास गळून पडला आणि खाणावळवाली जागी झाली.

रात्रीच्या जेवणाला मी वाढता वाढता सगळं सांगितलं. खाणीचे मुकादम ताटावरून मान वर न करता म्हणाले, “वैनी, गावाक दर पावसात बांध फुटता. तो काय कचेरी येवन बांधता?”

आमचे हे घाबरले. “अगं, परका मुलूख आहे. व्हिसा जाईल!”

“व्हिसा पुन्हा काढता येईल,” मी म्हटलं. “बाळ घळीत झालं तर काय करायचं ते सांगा.”

शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी घळ बुजवायला हेच घमेलं घेऊन पहिले उभे राहिले. खाणीतला टाकाऊ दगड, खाली पाणी जायला दोन जुने लोखंडी पाइप, वर माती. मी मोठ्या पातेल्यात कोलंबीभात रांधला आणि काठावर खुर्ची टाकून उगाचच सूचना देत बसले. कुणी ऐकत नव्हतं. संध्याकाळी पिकअप पलीकडे जाऊन परत आली.

शनिवारी सकाळी साहेबांची गाडी थेट खाणावळीच्या दारात. हातात नोटीस: विनापरवाना भराव, सात दिवसांत काढून टाका.

मी कमरेवर हात ठेवला. “आइए साहब. किस रास्ते से आए?”

साहेबांनी मागे वळून पाहिलं. मुकादम खोकले. आमचे हे आत पळाले.

“सही मैं करूंगी,” मी म्हटलं, “लेकिन पहले पाहणी. दोन्ही काठ. आज गाडी पोचली आहे.” घाईत अर्धं मराठीच बोलून गेले, पण त्यांना बरोबर कळलं. माझ्या पोटाकडे न बघण्याचा प्रयत्न करत ते गाडीकडे वळले. मग गाडीतून टेप काढला. तासाभराने फाइलवर शेरा पडला: पाहणी पूर्ण. मीही नोटिशीवर सही केली.

“और ये भराव?” जाताना त्यांनी विचारलं.

“निकाल देंगे, साहब. कल. इन्शाल्ला.”

साहेब पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

नवव्या दिवशी पहाटे कळा आल्या. टॅक्सी भरावावरून हादरत गेली आणि मुलगा इस्पितळातच झाला, पोचल्यावर वीस मिनिटांनी. सरकारी डांबर पडलं तेव्हा तो चालू लागला होता. आणि ते पडलं आमच्याच दगडांवर. भराव काढायचा तेवढा अजून राहिलाय.