आत जाणाऱ्याचा बिल्ला

आमच्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर 'इतर निरीक्षणे' असा एक रकाना आहे. दोन ओळींचा. आगीसोबत आणि बंदुकीसोबत आयुष्य काढलेल्या माणसांची छाती, काळीज आणि झोप कशी राहते याचा आमचा अभ्यास चालू आहे, आणि जे काही ऐकण्यासारखं असतं ते नेमकं या दोन ओळींत मावत नाही. मग ते माझ्याकडे साठतं. घरी सांगितलं तर आई म्हणते, "तू तिथे काम करतेस की गप्पा मारतेस?" दोन्ही करते. गप्पा मारल्याशिवाय हे लोक मशीनमध्ये फुंकत नाहीत.

आमचं मुख्य ठिकाण म्हणजे किनाऱ्यावरच्या एका औद्योगिक वसाहतीचं फायर स्टेशन. नाव सांगणार नाही, तसं लिहून दिलंय. माझ्याकडे फुंकायचं मशीन. नळीत जोरात फुंकायचं, छातीत किती दम आहे ते स्क्रीनवर येतं. रेगे सर आमचे मुख्य डॉक्टर. मी चौलची, नारळी-सुपारीच्या वाडीतली. आगीशी माझा संबंध पाणी तापवण्यापुरता.

*

पहिल्याच आठवड्यात मी एका माणसाला मारलं.

ड्रिल चालू होतं. धुराच्या खोलीत दोघे-दोघे जोडीने जात होते, पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मास्क. दाराबाहेर एक बोर्ड. आत जाणारा आपला पितळी बिल्ला बोर्डावर लावून जातो, आणि बोर्डावरचा माणूस, जो स्वतः आत जात नाही, त्याच्यापुढे मेणाच्या पेन्सिलीने लिहितो, याची हवा किती वाजता संपेल. बाहेर आला की ज्याचा त्याने बिल्ला काढून घ्यायचा. हे मला नंतर कळलं. तेव्हा मला फक्त एक छान चकचकीत बिल्ला दिसला, आणि मी तो बघायला हातात घेतला.

मागून आवाज आला, "ठेव तो."

लीडिंग फायरमन म्हात्रे. अलिबागजवळच्या गावचे, भातशेतीवाले, रिटायरमेंटला थोडी वर्षं उरलेले. मी बिल्ला परत लावला आणि हसून सॉरी म्हटलं. ते हसले नाहीत.

"बिल्ला बोर्डावर हाय म्हंजे मानूस आत हाय. तू बिल्ला काढलास, म्हंजे आमच्या हिशोबी तो भायेर आयला. आता त्याला शोधाया कोन जानार?"

तेवढ्यात ज्याचा बिल्ला होता तो निलेश धुरातून बाहेर आला. थळचा कोळ्याचा मुलगा, म्हात्र्यांचा जोडीदार, अंगाने होडीसारखा. म्हात्रे त्याला म्हणाले, "मॅडमनी तुला मारलान आता." निलेशने मास्क काढला आणि मला विचारलं, "मग आज सुट्टी काय मना?"

*

फायर स्टेशनवर एक वाक्य बोलायचं नसतं. रेगे सरांना ते कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी त्यांनी खुर्चीत अंग टाकलं, चहाचा कप उचलला आणि म्हणाले, "आज काय, अगदी शांत आहे."

खोलीतले सगळे हलायचे थांबले. एकाने कपाळाला हात लावला. निलेशने चहा एका घोटात संपवला. म्हात्रे उठून बुटांजवळ जाऊन उभे राहिले. त्या बुटांत पँट आधीच घालून, खाली गुंडाळून ठेवलेली असते, पाय घातला की वर ओढायची.

सर म्हणाले, "काय झालं?" आणि बेल वाजली.

गवताच्या गंजीला लागलेली साधी आग होती, तासाभरात सगळे परत आले. पण तेव्हापासून सरांना चहा दिला की कपाबरोबर एक बिस्किटही देतात. तोंड भरलेलं राहावं म्हणून.

*

मग आम्ही छातीला चिकटवायची मशीनं आणली. एक दिवस आणि एक रात्र काळजाचे ठोके मोजायचे, सोबत डायरी द्यायची: किती वाजता काय करत होतात. आमचा अंदाज असा की कॉल आला की ठोके डोंगर चढणार.

निलेशच्या आलेखात डोंगर होता. पण कॉलच्या वेळी नाही! त्या दिवशीच्या आगीत पठ्ठ्याचं काळीज नेहमीसारखं चाललेलं, आणि डोंगर उभा राहिला दुसऱ्या दिवशी सकाळी, ड्युटी संपल्यावर. डायरीत त्या वेळेपुढे लिहिलेलं, "पाली. देवदर्शन व पोहे."

सर गंभीर झाले. देवळाच्या पायऱ्यांमुळे एवढं होत नाही, म्हणाले. निलेशला बोलावलं. "पोह्यांत काय होतं?"

निलेश मशीनच्या वायरीशी खेळत म्हणाला, "पोह्यांत काय नव्हतं, सर. पोहे आननारी होती."

लग्न ठरलं. आलेख आम्ही अभ्यासातून काढला नाही.

*

फौजेतून निवृत्त झालेल्यांच्या घरी आम्ही जाऊन मुलाखती घेतो. आगरदांड्याला, जेट्टीच्या वरच्या अंगाला, एक हवालदार राहतात. सकाळी दहाची वेळ ठरली होती. आम्ही दहाला पाच कमी असताना पोचलो, तर ते फाटकात उभे. "उशीर झाला," म्हणाले.

प्रश्न होता, झोप कशी लागते? उत्तर, "ऑर्डर मिळाली की लागते."

पुढचा प्रश्न, आता घरी असताना उगाच सावध राहावंसं वाटतं का? "नाय. ते सगळं सोडून आयलो." मी 'नाही'वर खूण केली. तोवर त्यांनी आमच्या खुर्च्या तीनदा बदलायला लावल्या होत्या. मी धीर करून विचारलं, खुर्च्या कशासाठी बदलल्या?

"तुमच्या पाठीला खिडकी होती," ते म्हणाले, आणि तेवढ्यात खालून फेरीबोटीचा भोंगा झाला. बोलता बोलता त्यांनी उतरणारी माणसं मोजली. त्यांच्या बायकोने चहा ठेवत सांगितलं की रोज मोजतात. सकाळी गेले त्यातला एक कमी परतला की जेवत नाहीत.

मी 'नाही' खोडून 'होय' केलं. मग 'इतर निरीक्षणे'त लिहायला घेतलं आणि ओळी संपल्या.

*

याची लागण होते. गेल्या गणपतीत मी घरी होते. आईने विचारलं, तुझ्या चपला सगळ्यांच्या चपलांच्या उलट्या का? मी बघितलं. माझी बोटं रस्त्याकडे, टाचा घराकडे. पाय घातला की निघायचं. कधीपासून मी अशा ठेवायला लागले मला माहीत नाही. चहासुद्धा आता मला गरम पिता येत नाही, मी तो घाईने निववते. "कुठे आग लागलीय का?" आई म्हणाली. मी म्हटलं, "अजून नाही." आई रागावली. मला खरंच वाटत होतं की लागेल.

*

म्हात्र्यांची छाती मात्र माझ्या मशीनला मिळत नव्हती. पहिल्या वेळी पाण्याचे होज पाइप धुवायचे होते. दुसऱ्यांदा दाढ दुखत होती. तिसऱ्यांदा म्हणाले, आज संकष्टी हाय, उपाशी पोटी फुंकवत नाय. मी हसायचे. मग एकदा ड्रिलच्या मनोऱ्यावर त्यांना चढताना पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर ते थांबले आणि समुद्राकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशीही थांबले, तिथेच. समुद्र रोजचाच होता. मी हसायचं बंद केलं.

आणि मग अचानक म्हात्र्यांची नोंद आलीच! मी एक दिवस सरांच्या कामाने मुंबईला गेले होते, मशीनवर शिकाऊ मुलगी होती. तिला चेहरे माहीत नव्हते. आमच्याकडे नाव लिहीत नाहीत, नुसता क्रमांक; म्हात्र्यांचा सतरा. क्रमांक सतराने असं फुंकलं होतं की आलेख कागदाबाहेर जायचा बाकी. एवढा दम तिशीच्या आतल्या माणसाला असतो, तोही रोज वल्हं मारत असेल तर. शिवाय आलेखाच्या शेवटी एक छोटी खाच होती. फुंकणं संपता संपता ठसकायची सवय आख्ख्या स्टेशनात एकाच माणसाला आहे.

आधी मी म्हात्र्यांकडे गेले. शपथेवर सांगितलं, आकडा ऑफिसला जात नाही, कुणाकडेच जात नाही, तुम्हाला फक्त डॉक्टर सांगतील.

"तुजा कागद नाय जात, मना म्हाईत हाय," ते म्हणाले. "पन तुजं त्वांड जातं ना सगळीकडं. त्यावर दिसल. मग मना टेबलाला बसवतील. मी बत्तीस वर्सं आत जातंय, पोरी."

मग मी निलेशला गाठलं. तो गाडी पुसत होता. मला राग आवरला नाही.

"म्हात्र्यांच्या जागी तू फुंकलास ना?"

"काकांचा मान हाय, मॅडम."

"आत धुरात त्यांचा श्वास कमी पडला तर? तिथेही तूच फुंकणार? की त्यांना टाकून बाहेर येशील?"

तो पुसलेलाच आरसा पुन्हा पुसायला लागला. त्यांना टाकून तो येणार नव्हता. हे मला माहीत होतं, त्यालाही, आणि त्याचं लग्न मार्गशीर्षात होतं. शेवटी म्हणाला, "मी त्यांना काय सांगू?"

"हेच सांग," मी म्हटलं, आणि मलाच रडू आलं. 

*

दुसऱ्या दिवशी सकाळी शिफ्ट बदलताना म्हात्रे माझ्या खोलीत आले. पूर्ण युनिफॉर्म, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. दारात निलेश उभा होता, आत आला नाही.

म्हात्रे खुर्चीत बसले. खिशातून आपला पितळी बिल्ला काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"आत चाललो," म्हणाले.

तीनदा फुंकायचं असतं. ते तीनदा फुंकले. तिसऱ्या वेळी टेबल धरावं लागलं. स्क्रीन माझ्या बाजूला होती. त्यांनी ती बघायचा प्रयत्नही केला नाही, ते माझ्याकडे बघत होते. मी चेहरा सरळ ठेवायचा पुष्कळ प्रयत्न केला.

"झालं," मी म्हटलं, आणि बिल्ला पुढे केला.

त्यांनी तो घेतला नाही. उठले, शर्ट सारखा केला आणि दारापाशी जाऊन निलेशला विचारलं, "बोर्डाची पेन्सिल कुठं ठेवलीस रं?"