काकूंची ताकद

"चूक," सर म्हणायचे आणि उजव्या हाताचं एक बोट हवेत धरायचे. आवाजात राग नसायचा. पण भाजीवाल्यापासून जावयापर्यंत कुणाचंही चुकीचं बोलणं त्यांनी तसंच जाऊ दिलं नाही. तुमच्याही गल्लीत असं कुणीतरी असेलच.

ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी नाही, नुसती शेजारीण. एकदा सर आणि मी द्वारका चौकातल्या सिग्नलला रिक्षात बसलो होतो. शेजारी कांद्यानं भरलेला ट्रक. हिरवा दिवा लागला, रिक्षा सुटली, ट्रक मागेच राहिला.

"ट्रकचं इंजिन कमजोर असेल का गं?"

"असेल, सर."

"चूक. त्याचा जोर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. पण वस्तुमान त्याहून जास्त! म्हणून त्याचा वेग सावकाश वाढतो."

निवृत्तीनंतर आजारानं सरांचे पाय गेले आणि घरात चाकाची खुर्ची आली. सर अंगानं भरलेले, त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, जेमतेम त्यांच्या खांद्याएवढ्या. पहिल्या दिवशी काकूंनी सगळं बळ लावलं, तरी फाटकाजवळचा चढ काही खुर्ची चढेना. मी हात लावला. मग रोज संध्याकाळी आम्ही तिघं गोदेच्या काठानं फिरायला लागलो.

त्या संध्याकाळी मला अजून स्वप्नात असल्यासारख्या आठवतात. पाण्यावर विरत चाललेला पिवळा उजेड, अंगाला लागणारा गारवा, चाकांची बारीक कुरकुर. आम्ही थांबलोय आणि काठच मागे सरकतोय, असं वाटायचं.

हिवाळा सरता सरता सर वाळत गेले. शर्ट खांद्यांवरून ओघळायला लागला. काकू रोज खीर करायच्या. सर दोन घास खाऊन वाटी बाजूला ठेवायचे.

अशाच एका संध्याकाळी, मी चपला घालेपर्यंत काकूंनी एकटीनंच खुर्ची ढकलली. ती सरसर चढून फाटकाबाहेर गेली. काकू हरखून गेल्या.

"अहो, बघितलंत? माझ्यात ताकद आली!"

मी सरांच्या हाताकडे बघत राहिले. काकूंचा जोर होता तेवढाच होता. कमी काय झालं होतं, ते सरांना कुणी सांगायला नको होतं. बोट खुर्चीच्या दांडीवरून जरासं उचललं गेलं. मग हळूच खाली टेकलं.

"हो गं," सर म्हणाले. "चांगलीच ताकद आली तुझ्यात."

उन्हाळ्यात सर गेले.

खुर्ची काकूंनी पलीकडच्या गल्लीतल्या एका आजोबांना दिली. आजोबा चांगले जाडजूड. त्यांच्या सुनेला ढकलायची रीत दाखवायची म्हणून काकूंनी स्वतः जोर लावला. खुर्ची जागची हलेना. मी पुढे झाले.

"राहू दे," काकू म्हणाल्या. खुर्चीच्या मुठींवरचे हात त्यांनी काढले नाहीत.

"किती जड आहेत हे," त्या अगदी हळू म्हणाल्या. "किती बरं वाटतंय."