मिशीचा र

शनिवार, दिनांक ८ नोव्हेंबर २००८. रुपये चोवीस हजार सहाशे पन्नास. राजेंद्र रोकडे यांनी उल्हासनगरच्या दुकानात नोटा दोनदा मोजून दिल्या, पक्कं बिल घेतलं आणि नवा लॅपटॉप मांडीवर घेऊन ते रिक्षात बसले. लॅपटॉपात विंडोज नव्हतं, म्हणूनच तो या भावात मिळाला होता. शेठ ते फुकटात टाकून द्यायला तयार होता. ओरिजिनल असेल तरच टाका, असं रोकडे म्हणाले, तेव्हा तो गालात हसला. "साईं, यहाँ ओरिजिनल तो सिर्फ ग्राहक होता है."

रोकड्यांनाही हसू आलं, पण डुप्लिकेट त्यांना चालणार नव्हतं. येत्या एकतीस मार्चला ते निवृत्त होणार होते. अंबरनाथच्या केमिकल कंपनीत हिशेब लिहिण्यात उमर गेली होती. पेन्शन नावापुरती, धाकटी मुलगी मैत्रेयी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आणि शिरगावच्या फ्लॅटचे हप्ते अजून चालू. अशा वेळी 'रसायन कर्मचाऱ्यांची सहकारी पतसंस्था' माणूस शोधत होती. हिशेब, इतिवृत्त आणि वार्षिक अहवाल लिहायचा, दरमहा साडेतीन हजार. अध्यक्ष भगवंत भोईर कधीकाळी बॉयलरवर कामाला होते. त्यांच्या अटी दोनच. मशीन स्वतःचं हवं आणि त्यात चोरीचा प्रोग्राम नको, कारण संस्थेला ऑडिट असतं. दुसरी अट, सगळं शुद्ध मराठीत. पुढच्या रविवारी अहवालाचं नमुन्याचं पान आणून दाखवायचं.

आधीच्या उमेदवाराला भोईरांनी मथळा वाचूनच परत पाठवलं होतं. त्यानं 'कर्मचाऱ्यांची'चं 'कर्मचार्यांची' केलं होतं. "आमचं नावच ज्याला धड लिहिता येत नाही, तो आमचे पैसे काय धड लिहिणार?" असं भोईर तेव्हा म्हणाले होते. रोकड्यांना ते पटलं होतं. बुवापाड्यात राहणारे त्यांचे वडील शंकरराव काडेपेटीच्या कारखान्यात होते. हजेरीपटावर कारकून नुसतं 'शंकऱ्या' लिही, आणि शंकरराव दर महिन्याला जाऊन ते दुरुस्त करून घेत. शेवटी एके महिन्यात कारकून कंटाळला आणि पुढे नीट लिहू लागला.

विंडोज विकत घ्यायला आणखी चार हजार लागले असते, आणि पाकीट तर रिकामं झालं होतं. कुळगावात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणारा अल्पेश म्हणाला, काका, विंडोजऐवजी लिनक्स टाका, फुकट आहे आणि कायदेशीर आहे. फक्त डिस्ट्रिब्यूशन कुठलं ते ठरवा. कॉमर्सच्या माणसाला डिस्ट्रिब्यूशन म्हणजे लाभांशाचं वाटप. अल्पेशनं त्यांना त्यांच्याच घरातलं उदाहरण देऊन समजावलं: कालवण एकच, पण मसाला ज्याच्या त्याच्या घरचा. तसं आतलं लिनक्स एकच, बाकीची मांडणी प्रत्येकाची निराळी. चाखून बघा, आवडेल ते ठेवा. नुसती सीडी लावूनही मशीन चालू होतं. सीडीची कॉपी काढलेली चालते का, हे रोकड्यांनी तीनदा विचारलं. शेवटी अल्पेशनं तसं लिहिलेलं पानच छापून दिलं, आणि ते पान बिलाला टाचलं गेलं. कळफलकावर मराठी अक्षरांचे स्टिकरही त्यानंच चिकटवले.

अल्पेशनं तीन निरनिराळ्या डिस्ट्रिब्यूशनच्या सीड्या भरून दिल्या. घरी पहिली लावली. रोकड्यांनी एका बोटानं मथळा लिहायला घेतला. 'र' दाबला, त्याचा पाय मोडला, 'य' दाबला. पडद्यावर उमटलं 'कर्मचार्यांची'. य च्या डोक्यावर रफार जाऊन बसला. पुसून पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच. अल्पेश म्हणाला, या डिस्ट्रिब्यूशनचा फॉन्ट गंडलाय, दुसरी सीडी घ्या. दुसरीतही रफार. तिसरी दिसायला फार देखणी होती. खिडक्या उघडताना मोराच्या पिसाऱ्यासारख्या फुलत. पण मथळ्यावर रफार तिथेही तसाच.

शुक्रवारी संध्याकाळी रोकडे अल्पेशच्या दुकानात बाकावर बसले. मग हळूच म्हणाले, "टाक ते तुझं विंडोज. काय करणार." अल्पेशनं डुप्लिकेट विंडोजची सीडी काढली, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, उद्या या काका, आज लाईटचा भरवसा नाही. दुकानात लाईट झगझगीत होती.

शनिवारी सकाळी माया चहा घेऊन आली आणि नवऱ्यामागे उभं राहून पडद्याकडे बघू लागली. लग्नाआधी तिनं मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. नोकरी काही लागली नाही, पण ती पास झाल्याचं अधूनमधून ऐकवत असे.

"अहो, मिशीचा र कुठे गेला?"

"कसली मिशी?"

"आमच्या बाई म्हणायच्या तसं. मशीनवर अर्ध्या र ची कळ वेगळी असायची. साध्या र नं ती मिशी कधी आली नाही. तुम्हाला तरी कशी येईल?"

इथे तसली कळ नाही, असं रोकडे जरा तुटकपणे म्हणाले. तरी त्यांची नजर स्टिकरांवरून फिरली. 'र'च्याच कळीवर, वरच्या बाजूला, खाली टिंब असलेला आणखी एक र होता. दक्षिणेतल्या कुणाच्या तरी उपयोगाचा असेल, असं समजून त्यांनी तो आठवडाभर सोडून दिला होता. आता शिफ्ट धरून तोच दाबला. पाय मोडला. य दाबला. टिंब नाहीसं झालं आणि य च्या आधी बारीकशी मिशी येऊन चिकटली. 'कर्मचाऱ्यांची'.

रोकड्यांनी खुर्चीला पाठ टेकली. छातीवरचं ओझं कुणी उचलून घ्यावं तसं त्यांना झालं.

"म्हणजे तीन-तीन डिस्ट्रिब्यूशनं नापास केलीत, आणि चूक तुमच्या बोटाची," माया म्हणाली. "बिचाऱ्यांची माफी मागा. बिचाऱ्यांची लिहिताना मिशी विसरू नका."

हिशेबी माणसाला खात्री हवी असते. त्यांनी बाकीच्या दोन सीड्याही लावून पाहिल्या. मिशी सगळीकडे आली. मग ठेवायचं कुठलं? पिसाऱ्यावालं, असं माया म्हणाली. रोकड्यांनी पहिलंच ठेवलं. सगळ्यांच्या आधी आलं होतं आणि विनाकारण बाहेर गेलं होतं. दुपारी अल्पेशनं ते कायमचं बसवून दिलं. काल मागितलेल्या विंडोजचा विषय दोघांनीही काढला नाही.

रविवारी भोईरांनी ते पान हातात घेतलं आणि मथळ्यावरून बोट फिरवत नेलं. बोट 'ऱ्यां'पाशी आलं, थांबलं आणि पुढे गेलं. मग त्यांनी विचारलं, प्रोग्राम चोरीचा तर नाही ना? रोकड्यांनी बिल आणि त्याला टाचलेलं पान पुढे केलं. ते इंग्रजीत होतं. भोईरांनी ते उलटसुलट पाहिलं आणि परत दिलं.

"एक एप्रिलपासून या," ते म्हणाले.

घरी येऊन रोकडे दुपारभर गाढ झोपले. असं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

तीन कोऱ्या सीड्यांचे पंचेचाळीस रुपये अल्पेशला अजून द्यायचे आहेत.